माणसाचं, पण माणसातून न काढलेलं

१

कुपीत एकाच प्रकारचं प्रथिन असायला हवं होतं. निघाली दोन प्रकारची, जवळजवळ निम्मी-निम्मी. त्यामुळे सकाळी सकाळी संस्थेच्या बैठकीच्या खोलीत एका मुलीचं काम, पदवी आणि अब्रू तिन्ही एकदम पणाला लागली होती.

चौकशीला बोलावलेल्या बाई जीवरसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. कुठे खोटे निकाल निघाले, कुणी कुणाचा प्रबंध ढापला, की विद्यापीठ त्यांना बोलावणं धाडत असे. बाई नाकाने कांदे सोलतात असं लोक म्हणत आणि बाईंना त्यात वावगं वाटत नसे. नाक होतंच तिखट. आत्ता त्या नाकाला शिळ्या कॉफीचा, कुबट गालिच्याचा आणि साहेबांच्या अत्तराचा वास एकत्र येत होता, आणि त्यातलं अत्तर सगळ्यांत वाईट होतं.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. पुढच्या आठवड्यात संचालकपदासाठी त्यांची मुलाखत होती आणि निवड झाल्यासारखाच त्यांचा चेहरा होता. जिभेला बोट लावून ते एकेक पान उलटत होते. ज्या माणसाने आयुष्य जिवाणूंमध्ये काढलं त्याने असं करावं, हे पाहून बाईंनी मान वळवली.

"हे आमचं ट्रोपोनिन," साहेब म्हणाले. "हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो ना, त्याची ही कळ. माणसाचं जनुक घ्यायचं, जिवाणूंच्या पोटात घालायचं, जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून हे प्रथिन बनवून घ्यायचं. माणसाचं, पण माणसातून न काढलेलं! हे आमचं ब्रीद. देशभरच्या प्रयोगशाळा आमच्याकडून कुप्या मागवतात."

"आणि त्यातल्याच एकीने तक्रार केली," बाई म्हणाल्या.

तक्रार दोन ओळींची होती. परगावच्या प्रयोगशाळेने कुपीतले रेणू तोलून पाहिले होते. एक ट्रोपोनिन नेहमीचं होतं आणि दुसऱ्यात एक घटक बदललेला होता. कोणता, ते तपासून कळवतो, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

"कोणता ते मी सांगतो," साहेबांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या मुलीकडे हनुवटी उडवली. प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत, सगळ्यांत शेवटी आली म्हणून. "हिच्या घराण्यातला दोष आहे तो. हिचे वडील त्यानेच गेले. तो हिच्या स्वतःच्या हृदयातही आहे. ते बदललेलं प्रथिन बनवायची परवानगी हिने माझ्याकडे मागितली होती, मी नाही म्हटलं. मग हिने चोरून बनवलं आणि आमच्या मालात कालवलं. चुकून की सुडाने, ते तिलाच माहीत."

घरातलं मरण आणि पोरीच्या काळजातलं दुखणं त्यांनी असं चारचौघांसमोर मांडलं, की बाईंना शिसारी आली. धाकटीने मान वर केली.

"मी बनवलेलं नाही," ती म्हणाली. "पण साहेब म्हणतात तो दोष आमचाच असेल, तर मी सोडून ते बनवायचं कुणाला सुचेल, हे मलाही कळत नाही."

२

साहेबांच्या खोलीत भिंतभर सन्मानचिन्हं होती. त्यांच्या काचा रोज पुसल्या जात असाव्यात. खिडकीच्या काचेवर मात्र बोट फिरवलं असतं तर बोट काळं झालं असतं.

"पोरगी वाईट नाही हो," साहेबांचा सूर आता साखरेत घोळलेला होता. "लेकीसारखी मानली मी तिला. तिचे वडील गेले तेव्हा हॉस्पिटलातलं सगळं मी पाहिलं. तिला म्हटलं, बेटा, तू आईजवळ थांब. पुढे तिचं लक्ष लागेना, म्हणून ट्रोपोनिन बनवायचं कामही माझ्याच अंगावर घेतलं. उन्हाळ्यापासून प्रत्येक कुपी माझ्या हातची आहे. या वयात, या हुद्द्यावर!"

"म्हणजे कुप्या तुमच्या हातच्या, आणि भेसळ तिची?"

"भरलेल्या कुप्या तिच्याच ताब्यात असतात ना. प्रयोग ती करते, बाहेरगावी पाठवतेही तीच."

हे बरोबर होतं. बाईंनी विषय बदलला. हाताने काम करायची सवय अजून टिकली आहे, याचं त्यांनी कौतुक केलं. स्तुतीचं बोट दिलं की काही माणसं हात धरतात, साहेब खांद्यावरच बसले.

"आमचं शिक्षणच तसं! तेव्हा जिवाणूबिवाणू कुठले? खाटकाकडून जनावरांची हृदयं आणायची बादलीतून, आणि ती वाटून त्यातून प्रथिन काढायचं. हृदयातल्या प्रथिनावर फॉस्फेट असतं, फार नाजूक. हयगय केली की गळून जातं. म्हणून पहिल्या धुण्यापासून फ्लोराइड घालायचं. विसरलो की गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे. आताच्या पोरांना यातलं काही ठाऊक नाही. जिवाणू फॉस्फेट लावतच नाहीत, मग जपायचं काय?"

"जनुक घातलेल्या जिवाणूंचं ते बियाणं तुम्ही स्वतः तयार केलेलं?"

"संपूर्णपणे. आणि कुणाला दिलेलं नाही." साहेब हसले. "मागतात सगळे. मी म्हणतो, देतो, पाहतो, पुढच्या महिन्यात. बियाणं दिलं की आपल्याला कोण विचारतो?"

या धंद्यात शोध छापला की मागेल त्याला बियाणं द्यायचं, हा साधा शिष्टाचार आहे. शेजाऱ्याला विरजण देण्याइतका साधा. साहेब वर्षानुवर्षं ताकास तूर लागू देत नव्हते आणि त्याची त्यांना मौज वाटत होती. बाई निघाल्या तेव्हा साहेबांनी हात पुढे केला. बाईंनी नमस्कार केला.

३

धाकटी प्रयोगशाळेत एका स्टुलावर बसली होती. तिच्या टेबलावरचं सगळं सामान काढून कुणीतरी खोक्यात भरूनही ठेवलं होतं. चौकशी व्हायच्या आधी.

"बाबा पोहायला शिकवायचे," ती म्हणाली. "तलावावर. धडधाकट माणूस. या उन्हाळ्यात एक दिवस पाण्यातून वर आले, टॉवेल घेतला, खाली बसले ते उठलेच नाहीत. अचानक मृत्यू म्हणून शवविच्छेदन करावं लागलं. समोरच्याच हॉस्पिटलात. साहेबांचे मेहुणे तिथे शवविच्छेदन करतात, त्यामुळे सगळं लवकर आटोपलं. साहेब दिवसभर तिथे उभे होते, मॅडम. ते मी विसरणार नाही."

"घराण्यातला दोष कधी कळला?"

"नंतर. डॉक्टर म्हणाले, वडील असे गेले, तर मुलांनी तपासून घ्या. धाकट्या भावात नाही निघाला. माझ्यात निघाला." ती हे इतक्या साधेपणाने बोलली की बाईंनाच पाणी प्यावंसं वाटलं. "ट्रोपोनिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं. म्हटलं, आपण दिवसरात्र त्याच प्रथिनावर काम करतोय, मग आपल्या घरातलं बनवून पाहू या. ते आकुंचनात कुठे अडतं ते कळलं तर उपाय सापडेल. साहेबांना सांगितलं तर ते पांढरेफटक पडले. मग इतके चिडले! त्यांना तसं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या काळजीपोटी चिडले."

"आणि तू चोरून बनवलं नाहीस."

"चोरून कसं बनवणार? जिवाणू वाढवायला मोठी भांडी लागतात, ती दिवसभर हलत राहतात. नंतर उरलेले जिवाणू शिजवून मारावे लागतात. गुपचूप लाडू करता येतील, मॅडम, हे नाही करता येत. अख्ख्या इमारतीला वास जातो."

बाईंच्या नाकपुड्या हलल्या. सकाळपासून त्या या इमारतीत फिरत होत्या. कॉफी, अत्तर, फिनेल, ओलसर भिंती, सगळ्याचा वास त्यांना आला होता. हा एक आला नव्हता.

४

प्रयोगशाळेच्या बरोबर खाली ग्रंथालय होतं. तिथले ग्रंथपालकाका फाटकी पुस्तकं चिकटवत बसले होते.

"वरच्या लोकांचा तुम्हाला त्रास होतो का हो?" बाईंनी विचारलं.

"होतो? व्हायचा! त्यांचा तो भला मोठा कुकर आहे ना, त्यात ते जंतू शिजवायचे. काय घाण सुटायची! नासलेल्या रश्शात मोजे उकळल्यासारखी. शिट्टी ऐकली की मी धावत खिडक्या लावायचो. वाचायला बसलेले नाक धरून पळायचे."

"आणि आता?"

"उन्हाळ्यापासून एकदासुद्धा नाही. देव पावला म्हणायचं. बहुतेक नवं यंत्र आणलं असेल."

बाई परत वर गेल्या. यंत्र जुनंच होतं. झाकणावर धुळीचा थर होता आणि आतल्या कडेला कोळ्याने घर केलं होतं. जिथे आठवड्यातून दोनदा जंतू उकळायला हवेत तिथे कोळी नांदत होता. म्हणजे उन्हाळ्यापासून इथे जिवाणू मारलेच गेले नव्हते. मारले नाहीत कारण वाढवलेच नव्हते. आणि साहेब तर म्हणत होते की उन्हाळ्यापासूनची प्रत्येक कुपी त्यांच्या हातची आहे.

त्यांनी थोरल्याला गाठलं. थोरला म्हणजे साहेबांचा सर्वांत जुना सहायक. साहेबांची बॅग उचलायचा, साहेबांच्या विनोदांना साहेबांच्या आधी हसायचा. बोटाला टाचणी लागली आणि रक्त दिसलं की हा पठ्ठ्या आडवा होतो, अशी त्याची ख्याती होती.

"बियाणं कधी मेलं?" बाईंनी सरळ विचारलं.

थोरल्याचा चेहरा पडला. आधी त्याने हात झटकले, मग साहेबांची थोरवी गायली, मग रडायला लागला. उन्हाळ्यात त्याच्याच हातून अतिशीत कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. सुट्टीहून परत आला तेव्हा आत बर्फाचं पाणी झालं होतं आणि बियाण्याच्या सगळ्या नळ्या त्याच कपाटात होत्या.

"दुसऱ्या कुणाकडे मागायचं."

"कुणाकडे असणार? साहेबांनी कुणाला दिलंच नव्हतं. नवं बनवता आलं असतं, पण मग जुनं मेलं हे सांगावं लागलं असतं. त्यात संचालकपदाचं चाललेलं. साहेब म्हणाले, तोंड उघडू नकोस, मी बघतो. आणि थोड्याच दिवसांत कुप्या पुन्हा भरलेल्या."

"कशातून भरल्या, विचारलंत?"

थोरल्याने नाक पुसलं. "विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, मॅडम. म्हणून नाही विचारलं."

बाईंनी आयुष्यात पुष्कळ भेकड पाहिले होते. आपली भीती इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारा पहिलाच. त्याच्या ओल्या रुमालाकडे त्यांना बघवेना.

५

बाईंनी परगावच्या प्रयोगशाळेला फोन लावला. दोन प्रश्न विचारले.

"बदललेला घटक कोणता, ते आजच दुपारी आमच्या हाती आलं," तिकडचा संशोधक म्हणाला आणि त्याने जागा सांगितली. ती धाकटीच्या घराण्यातलीच होती. "अजून कुणाला कळवलेलं नाही. पण तुम्ही फॉस्फेटचं विचारलंत ते कसं? आम्हालाही तेच नवल वाटलं. दोन्ही प्रकारांवर फॉस्फेट आहे. आणि द्रावणात फ्लोराइड सापडलं. जिवाणूंच्या प्रथिनात फ्लोराइड कोण घालतं?"

"ज्याच्या बोटांवर पट्टी बसलेली असते तो," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या स्वच्छतागृहात गेल्या. चूळ भरून, पदर नीट करून त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. थोरल्यालाही त्यांनी आत घेतलं आणि दार लावलं.

"मुलगी निर्दोष आहे," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "एका बियाण्याचे जिवाणू एकाच प्रकारचं प्रथिन करतात. त्यामुळे दोन प्रकार दिसले की सगळ्यांना भेसळ वाटते, मलाही वाटली. पण निम्मं-निम्मं कालवायला कुणी तराजू घेऊन बसत नाही. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून, असा हिशेब फक्त एका ठिकाणी असतो. माणसात."

साहेबांचं बोट जिभेपाशी थबकलं.

"जिवाणू इथे वाढलेच नाहीत, तुमच्या कुकरात कोळी राहतो. प्रथिनावर फॉस्फेट आहे, जे जिवाणू लावत नाहीत. ते टिकलं, कारण जपणाऱ्याने फ्लोराइड घातलं. थोरल्यांनी घातलं म्हणावं, तर त्यांना रक्त बघवत नाही, हृदय कुठून चिरणार? धाकटी जिवाणूंवरच शिकली. जपायचं काय, हेच तिला ठाऊक नाही. साहेब, ते तुम्हीच मला सांगितलंत. फ्लोराइड घातलं नसतं तर फॉस्फेट गळलंही असतं कदाचित. पण हाताला सवय लागलेली."

"हा सगळा तर्क आहे."

"आहे. मग हेही ऐका. तक्रारीत एक घटक बदललाय एवढंच होतं. कोणता, हे तिकडच्यांना आज दुपारी कळलं. तुम्ही सकाळीच सांगितलंत. कुपीत कोण आहे हे माहीत असल्याशिवाय ते सांगता येत नाही." बाईंनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला. "तुमच्या मेहुण्यांना फोन तुम्ही करता की मी करू?"

थोरला भिंतीला टेकत टेकत खाली बसला. साहेबांनी सन्मानचिन्हांकडे पाहिलं. मग जे बोलले ते कबुलीजबाबापेक्षा घाण होतं.

"मला त्याच्या दोषाची कल्पना नव्हती हो. तेव्हा कुणालाच नव्हती. नाहीतर दुसरं घेतलं असतं."

"दुसरं," बाई म्हणाल्या.

"तपासणीसाठी हृदय बाहेर काढतातच. परत ठेवलं काय आणि नाही काय, शिवल्यावर कुणाला कळतं? असंही वायाच जाणार होतं. मी त्याचं काहीतरी केलं. विज्ञानासाठी! आणि ताजं होतं. मी दिवसभर तिथेच होतो, त्यामुळे वेळ गेला नाही."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण बाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. म्हण करणाऱ्याने असा कुणीतरी प्रत्यक्ष पाहिला असणार, हे त्यांना त्या खोलीत पटलं.

"पोरगी तुम्हाला देव मानते," त्या म्हणाल्या. "दिवसभर उभे होते म्हणते. ती परवानगी मागायला आली तेव्हा कुपीत काय आहे ते तुम्हाला कळलं. तरी कुप्या बंद केल्या नाहीत, रोज तिच्याच हातात देत राहिलात. आणि बोभाटा होतोय म्हटल्यावर तिलाच पुढे ढकललंत. कुंपणाने शेत खाल्लं आणि वर चोर म्हणून शेतालाच धरलं!"

"निवडीपर्यंत थांबता येईल का?" साहेबांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते.

बाईंनी त्यांच्यासमोरच विद्यापीठाला फोन केला, आणि नंतर पोलिसांना.

६

पोलिसांची गाडी आली, साहेब खाली उतरले, काचांमधून माना डोकावल्या. आता एकच काम उरलं होतं आणि ते दुसऱ्या कुणावर टाकता येण्यासारखं नव्हतं. बाई धाकटीसमोर स्टूल ओढून बसल्या.

"तुझं नाव स्वच्छ झालं. खोकं उघड, सामान परत मांड," त्या म्हणाल्या. धाकटीचा चेहरा उजळला आणि त्या उजेडाकडे बघत पुढचं बोलणं बाईंना फार जड गेलं. पण त्या बोलल्या. वळणं न घेता, मेहुण्यांपासून कुपीपर्यंत सगळं. उद्या हेच कुठल्यातरी वर्तमानपत्रात वाचण्यापेक्षा आज माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

धाकटी रडली नाही. तिने आधी शास्त्रज्ञासारखं सगळं तपासून पाहिलं.

"दोन्ही प्रकारांवर फॉस्फेट?"

"दोन्ही."

"आणि जागा तीच? आमची?"

"तीच."

ती मग आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत म्हणाली, "म्हणून ते इतकं चांगलं काम करायचं. जिवाणूंचं कधी एवढं छान चालत नसे. मी घरी जाऊन आईला सांगायचे, साहेबांच्या हाताला काय गुण आहे म्हणून."

बाईंनी तिचा हात धरला. तो गार होता.

"उरलेल्या कुप्या तुलाच मिळतील," त्या म्हणाल्या. "खटला संपला की. मी लिहून घेईन तसं. आईला, भावाला, तुला जे करायचं असेल ते करा."

"फार नाही उरलेल्या." धाकटीने बोलताना वर पाहिलं नाही. "एकदा उघडलेली कुपी परत गोठवली की बिघडते, मॅडम. म्हणून प्रयोग झाला की उरलेलं मी सिंकमध्ये ओतायचे. रोज. वरून नळ सोडायचे."

बाई तिचा हात धरून बसून राहिल्या. खालून गाडी निघून गेल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने धाकटीने हात सोडवला, बाहीने डोळे पुसले आणि तोंड धुवून येते म्हणाली. ती प्रयोगशाळेतल्या सिंकपाशी गेली. नळाला हात लावणार तेवढ्यात थांबली. मग जिना उतरून खाली गेली आणि आवारातल्या बागेच्या नळावर तोंड धुतलं.